डोह राखलेला उन्हाळा

जून उजाडायच्या आत इथल्या होड्या वाळूवर ओढून घेतात. त्यांच्यावर माडाच्या झापा घालतात, जाळी धुऊन पडवीत टांगतात, आणि मग दोन महिने समुद्राकडे कुणी कामासाठी म्हणून बघत नाही. मासळीच्या विणीचे दिवस असतात ते. मी कोकणात मुलीकडे राहायला आलो त्याला सहा वर्षं झाली, पण ह्या बंदीच्या दिवसांची मला अजून सवय झालेली नाही. सकाळी फिरायला गेलो की लिलावाची जागा रिकामी, कावळेसुद्धा कंटाळलेले. मग समुद्राकाठी उभा असून मला नदीच्या कोरड्या वाळूचा वास येतो.

यंदा त्यात आणखी एक भर पडली आहे. खाडीच्या तोंडापुढचा समुद्राचा एक तुकडा कायमचा राखीव करायचं घाटतंय. तिथे बारा महिने जाळं टाकायचं नाही. त्यावरून देवळाच्या मंडपात रोज संध्याकाळी जुंपते. एक म्हणतो, राखलं नाही तर आपली पोरं पुढे काय धरतील? दुसरा म्हणतो, राखलं तर आज चुलीवर काय ठेवू? दोघांचंही खरं, म्हणून तर आवाज चढतात. माझ्या मुलीने कुणाला तरी सांगून ठेवलंय की आमच्या बाबांनी जन्मभर मत्स्यखात्यात नोकरी केली. झालं! "काका, तुम्हीच सांगा." आणि मी तोंड उघडलं की आधी हशा. आमचे लोक तीनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या राजांबरोबर तमिळ मुलखात गेले आणि त्यांनी मराठी होती तशी ट्रंकेत घालून ठेवली. मी "मज ठाऊक नाहीं" म्हणालो की इथल्या पोरी एकमेकींना कोपरखळ्या मारतात. मारू देत. खरोखरच मज ठाऊक नाहीं. मला फक्त एक उन्हाळा ठाऊक आहे.

कुंभकोणम्चा उन्हाळा. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. आमचं घर मेलकावेरीला, नदीकाठच्या वस्तीत. मागचं दार उघडलं की चार पावलांवर कावेरी. पण वैशाखात कसली कावेरी! वर मेट्टूरच्या धरणाचे दरवाजे बंद, कालवे बंद, आणि खाली नुसती वाळू, ह्या काठापासून त्या काठापर्यंत. दुपारी अनवाणी माणसं ती पळत पळत ओलांडायची. बायका वाळूत हातभर खड्डा करून नारळाच्या करवंटीने पाणी भरायच्या, आणि ते इतकं गोड की त्या पाण्याची कॉफी वर्षभर आठवावी. नदीच्या पोटात काकडीचे वेल पसरलेले. हवेत कडुनिंबाच्या फुलांचा कडवट-गोड वास. काठावर ताडगोळे सोलणारा म्हातारा, त्याच्या कोयत्याचा खच्च खच्च आवाज. आम्हाला त्या दिवसांत काही कामाची घाईच नसायची. सगळं गाव जणू पाण्याची वाट बघत आडवं पडलेलं.

घाटाच्या खाली, नदी वळते तिथे, एक डोह मात्र आटायचा नाही. काठाला करंजाचं जुनं झाड, त्याची सावली पाण्यावर. दोन पुरुष खोल असेल. नदी आटत आली की मैल-दोन मैलांतले मासे सरकत सरकत त्या डोहात येऊन दाटीने राहायचे आणि पाण्याची वाट बघायचे, आमच्यासारखेच. आषाढाच्या आधी नवं पाणी सुटलं की इथूनच ते नदीभर, कालव्याकालव्यांत, शेतातल्या चरांपर्यंत पसरायचे. पुढच्या वर्षभराची मासळी म्हणजे हा डोह. आणि त्या उन्हाळ्यात ह्या डोहाची राखण सरकारने ज्याच्यावर सोपवली, तो मी.

माझी ही नोकरी म्हणजे आमच्या नात्यागोत्यात एक मोठाच विनोद होता. वैष्णवाचं घर. एकादशीला पाणीसुद्धा मोजून प्यायचं. आणि मुलगा मत्स्यखात्यात! बी.ए. होऊन वर्षभर घरी बसलो होतो, जी जागा मिळाली ती घेतली. आई शेजारणींना सांगायची, "सीनू पाण्याच्या खात्यांत आहे." ते काही अगदीच खोटं नव्हतं. मासे मी पुस्तकातल्या चित्रांवरून पाठ केले होते, व्याकरणाची रूपं पाठ करावीत तसे. खरा मासा समोर आला की ओळखायला मला मुत्तय्या लागायचा.

मुत्तय्या म्हणजे डोहाच्या पलीकडच्या काठावर राहणाऱ्या पंधरा-वीस कोळी घरांचा म्होरक्या. पन्नाशीचा, काटक, बोलणं कमी. तिकडे आम्हा मराठी लोकांना 'रायर' म्हणतात, तसा तो मला "रायरे" अशी हाक मारायचा. मी त्याला अहोजाहो करायचो, त्याची त्याच्या लोकांना भारी मजा वाटायची. "हे रायर माशालासुद्धा तुम्ही म्हणतात," असं त्याने एकदा सगळ्यांच्या देखत सांगितलं, आणि मी हसण्याऐवजी फुगून बसलो. तेविसाव्या वर्षी माणसाला स्वतःवर हसता येत नाही.

डोहाच्या काठी मी एक फळी रोवली. 'नवं पाणी येईपर्यंत येथे मासे धरण्यास मनाई आहे', खाली सरकारचा शिक्का. आईला काय वाटलं कोण जाणे, पोराचं पहिलंच काम म्हणून ती संध्याकाळी येऊन फळीला हळदकुंकू लावून गेली. बस्स! दुसऱ्या दिवशी घाटावर आलेल्या यात्रेकरूंनी तिथे फुलं वाहिली. शुक्रवारी कुणीतरी लिंबू ठेवलं आणि कापूर पेटवला. मी धावत जाऊन ओरडलो, "अहो, ही सरकारी सूचना आहे!" एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "असू दे बाबा, कुणाचं का असेना, देवच." मुत्तय्या करंजाखाली बसून बघत होता. म्हणाला, "रायरे, पुसू नका ते कुंकू. शिक्क्यापेक्षा तेच जास्त दिवस टिकेल."

त्या वर्षी राखणीला जोर लावावा लागला त्याला कारण होतं. शहरातला एक कंत्राटदार मद्रासला जिवंत मासे पाठवू लागला होता. मरळ नावाचा मासा आहे, तमिळमध्ये विराल. अंगावर पट्टे, डोकं सापासारखं, आणि जिवट इतका की पाण्याबाहेर ओल्या गोणपाटात गुंडाळला तरी तासन् तास जगतो. मद्रासला त्याला मागणी. कंत्राटदाराने आसपासची तळी, खाचरं, चर, सगळं उपसून पत्र्याच्या पिंपांत भरून स्टेशनवर रवाना केलं होतं. उरला होता हा डोह. "एका आठवड्यात उपसून देतो, तुम्हा सगळ्यांना काम," असं तो कोळ्यांना सांगून गेला. उन्हाळ्यात त्यांची जाळी कोरडीच असायची. पुरुष वीटभट्टीवर चिखल तुडवायला जात, बायका डोक्यावरून विटा वाहत. मोह कुणाला होणार नाही? पण मुत्तय्याने सगळ्यांना घाटावर बोलावलं आणि एकच विचारलं, "डोह उपसला तरी नवं पाणी येईल. पण त्या पाण्यात मासा कुठून येणार?"

मग त्यांनी त्यांची जुनी रीत केली. घाटाशी अम्मन देवीचं लहानसं देऊळ आहे. एकेका घराने आपलं जाळं गुंडाळून आणलं आणि तिथल्या आढ्याला टांगलं. नवं पाणी आल्याशिवाय खाली काढायचं नाही. मला वाटत होतं सगळं माझ्या फळीमुळे झालं. मी तसं वर लिहूनही कळवलं.

दुपारी एकटाच डोहाकाठी बसायचो. ऊन इतकं की पाण्याकडे बघवायचं नाही. एक दिवस पाण्याच्या वरच्या थराला शेंदरी रंगाचा एक गोळा हलताना दिसला, ताटाएवढा. मला वाटलं कुणाच्या पूजेची फुलं वाहून आली. मुत्तय्याने खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. "पिल्लं आहेत ती, मरळीची. नीट बघा, खाली आई आहे." खरंच, त्या शेंदरी गोळ्याच्या खाली एक काळी सावली होती. गोळा सरकला की सावली सरके. बारक्या माशांचा एक घोळका जवळ आला तशी ती सावली अशी काही उसळली की मी मागे पडलो. "बापही असतो जवळच," मुत्तय्या म्हणाला. "दोघं पाळी लावून राखतात. आईबापाला धरलं की ह्या सगळ्यांचा संध्याकाळच्या आत फराळ." मी त्या दिवसापासून रोज ती पिल्लं बघायला जायचो. घरी आईलाही सांगितलं. तिने मान फिरवून ऐकलं, पण ऐकलं सगळं.

मुत्तय्याची मुलगी चेल्लम्मा त्याच दिवसांत माहेरी बाळंतपणाला आली होती. विशी-एकविशीची, बापासारखीच काटक, पण तोंडाळ. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, म्हणून मुत्तय्या ह्या खेपेला तिला तिरुक्करुगावूरला घेऊन गेला. तिथली देवी गर्भ राखते, तिथलं एरंडेल पोटाला लावतात. ते तेल आमच्याही घरी असायचं. माझ्या आधीची आईची दोन बाळंतपणं वाया गेली होती, आणि माझ्या वेळी तिने तेच तेल लावलं होतं.

चेल्लम्माला मुलगी झाली. मुलगी ठणठणीत, पण आई पार गळून गेली. रक्त फार गेलं. चौथ्या दिवसापर्यंत दूध नाही. पोरीच्या तोंडात कापडाच्या वातीने साखरेचं पाणी पिळत होते. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, औषध दिलं आणि म्हणाल्या, अंगात काही जाऊ द्या. कोळी बाळंतिणीला अंगात जायचं ते एकच, मरळीचं कालवण. सात पिढ्यांची रीत. आणि त्या वर्षी आसपास औषधाला मरळ नव्हती. सगळ्या मद्रासला गेलेल्या. होत्या त्या डोहात.

मुत्तय्या माझ्याकडे आला तो सकाळी, अंघोळ करून, धुतलेलं उपरणं खांद्यावर घेऊन. रात्री जाऊन एक मासा उचलला असता तर मला कधी कळलंही नसतं. तो विचारायला आला. "रायरे, एक मरळ पाहिजे. पोरीसाठी."

आणि मी काय बोललो? आजही आठवलं की कानशिलं तापतात. मी म्हणालो, "मुत्तय्या, नियम सगळ्यांना सारखा. तुम्हाला दिला तर उद्या दुसरा येईल. तुम्हीच सगळ्यांकडून जाळी टांगून घेतलीत ना?" सगळं बरोबर होतं. एकही शब्द चुकीचा नव्हता. मुत्तय्या म्हणाला, "सरी." म्हणजे बरं. एवढंच. वाद घातला असता तर मलाही बरं वाटलं असतं. तो गेला आणि नेहमीच्या जागी, करंजाखाली, डोह राखायला बसला.

दोन दिवस गेले. मी पिल्लं बघायला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी जेवायला बसलो होतो, आई आंबट वरण वाढत होती. डाव हातातच ठेवून म्हणाली, "त्या मुत्तय्याच्या पोरीस दूध नाहीं म्हणतांत. खरें कीं?"

"खरं."

"आणि मासा दिलास नाहीं."

मी नियम सांगायला लागलो. नवं पाणी, वर्षभराची मासळी, कंत्राटदार, एकाला दिलं की दहा येतात, सगळं. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सीनू, मासा मज ठाऊक नाहीं," ती म्हणाली. "त्याचें नांव जेवतांना निघालें तर मी पान टाकून उठतें. पण बाळंतीण मज ठाऊक आहे. दोनदां मी रिकामे हातानें उठलें आहें त्या खोलींतून. दहा येतील म्हणतोस, तर येऊं देत. दहांस नाहीं म्हण. हीस नाहीं म्हणूं नको."

"पण आई, दहांना कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

"तें तूं पाहा. सरकार पगार कशास देतें तुज?"

मी पानावरून उठलो. हात न धुताच उठलो असं आई पुढे सगळ्यांना सांगायची, पण ते खोटं. हात धुतले होते.

भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, मुत्तय्या डोहात उतरला. जाळं नाही, जाळी देवळात टांगलेली. बिनबुडाची एक टोपली घेऊन. ती उथळ पाण्यात दाबायची, आत मासा अडकला की वरच्या तोंडातून हात घालून धरायचा. कोळी घरांतली माणसं दोन्ही काठांवर उभी. पहिली मरळ मिळाली तशी मी ओरडलो, "काढा!" मुत्तय्याने हात वर करून मला गप्प केलं. टोपली तशीच दाबून तो कंबरभर पाण्यात उभा राहिला, पाण्याकडे बघत. थोड्या वेळाने दोन हातांवर शेंदरी पिल्लं वर आली, सैरभैर. त्याने टोपली उचलली आणि मरळीला जाऊ दिलं. दुसरीलाही तसंच. सातव्या दिवसाच्या बाळंतिणीचा बाप, दोन दिवस नकार खाल्लेला माणूस, हाताशी आलेला मासा सोडत होता आणि मी काठावर उभा राहून रडत होतो. तिसरी मिळाली तेव्हा तो बराच वेळ थांबला. पिल्लं आली नाहीत. मग हात घातला.

त्या संध्याकाळी त्यांच्या झोपडीतून मिरी-लसणाच्या कालवणाचा वास आला. दुसऱ्या रात्री चेल्लम्माला पाझर फुटला. मासाच होता की औषध की एरंडेल, मी कोण सांगणारा? ज्याने त्याने आपापल्या देवाला श्रेय दिलं.

आणि मी म्हणालो होतो तसे दहा आलेच. ती बातमी पसरल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी डोहाकाठी सात-आठ जण उभे. एकाच्या बापाला दमा, एकाचा जावई यायचा होता, एकाची बायको सहा महिन्यांची गरोदर. कंत्राटदाराचा माणूसही लांब विडी ओढत उभा, हसत. "मुत्तय्याला मिळतं, आम्हाला का नाही?" फळीवरचा शिक्का दाखवावा तर त्याची किंमत मीच घालवली होती. मुत्तय्या खाली मान घालून बसलेला. त्याला तर तोंडच राहिलं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून वाळूतून चेल्लम्मा येताना दिसली. अकराव्या दिवसाची बाळंतीण, कमरेला घट्ट कापड बांधलेलं, पोर छातीशी, पावलं हेलपाटणारी. मागून तिची आत्या शिव्या घालत, "अगं बये, वारा लागेल, आत हो!" ती कुणाकडे न बघता करंजाखाली आली आणि बसली. दम खाल्ला. मग म्हणाली, "डोहातला मासा मी खाल्लाय. खाल्ला म्हणून पोर जगलं. आता पाणी येईपर्यंत राखण माझी. ज्याला मासा पाहिजे त्याने रायरांना नाही, बाबांना नाही, मला येऊन मागायचा." आणि पदर पुढे ओढून तिने पोरीला पाजायला घेतलं. सगळे पांगले. पाजणाऱ्या बाईसमोर डोहात कोण उतरणार? कंत्राटदाराच्या माणसानेही विडी विझवली.

ती रोज यायची, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. नवं पाणी यायला तीन आठवडे होते. करंजाच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधली. आईने ते लुगडं दिलं होतं, वर शेगडी, शेपा, हळद, आणि "वारा लागला तर मज विचारूं नको" असा दम. पुढे पुढे आई स्वतःच दुपारी येऊन बसायला लागली. आधी चार हात लांब, पुढे दोन हात, आणि एक दिवस बघतो तर पोर आईच्या मांडीवर आणि चेल्लम्मा गाढ झोपलेली. मी आलेला बघून आईने ओठांवर बोट ठेवलं आणि पाण्याकडे खूण केली. शेंदरी पिल्लं आता काळसर झाली होती, बोटभर वाढली होती. आईने त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं.

आता इथल्या मंडपात जे चाललंय ते ऐकताना मला वाटतं, सगळे जण राखायचं की धरायचं एवढंच विचारतात. नाही कोण म्हणणार आणि कुणाच्या तोंडावर म्हणणार, हे कुणी विचारतच नाही. मी ते नाही म्हणालो तेव्हा माझ्या घरी वरण-भात शिजत होता. पुढे तेहतीस वर्षं नोकरी केली, कितीतरी फळ्या रोवल्या, तळी राखली, खाड्या राखल्या. दर वेळी शिक्का मारताना हात थोडा अडखळायचाच.

नवं पाणी एका पहाटे आलं. आधी वाळूत काळी ओल सरकत आली, मग जिभेसारखं पाणी, पुढे काड्या, पानं, फेस ढकलत. सगळं मेलकावेरी काठावर. बायकांनी हळदकुंकू वाहिलं. पाणी डोहाला मिळालं आणि बघता बघता डोह म्हणून वेगळं काही उरलंच नाही, नुसती नदी. चेल्लम्मा गुडघाभर पाण्यात उभी होती. मुलीची पाठवणी करणाऱ्या आईसारखी रडत होती, आणि रडताना हसून म्हणाली, "गेल्या बघा सगळ्या, एकीने मागे वळून बघितलं नाही." देवळातली जाळी उतरली. दोन दिवस पाणी वाहू दिलं, तिसऱ्या दिवशी पुरुष नदीत उतरले. त्या पावसाळ्यात मासळी अशी मिळाली की वीटभट्टीवर चिखल तुडवायला माणूस मिळेना.

पहिल्या आठवड्यात बाजारातून जाताना आवाज आला, "जिवंत विराल! उड्या मारणारी विराल!" चेल्लम्मा! पाण्याने भरलेलं घमेलं पुढ्यात, मागे खांबाला झोळी, झोळीत पोर. मी नाकाला उपरणं लावून जवळ गेलो.

"अगं, ह्या आपल्याच डोहातल्या असतील."

"असतीलच की."

"मग तुला काही वाटत नाही?"

"वाटतं ना. पण राखल्या त्या काय नुसत्या बघायला?" ती हसली. घमेल्याशेजारी एक मोठी मरळ वेगळ्या मडक्यात ठेवलेली होती, केळीच्या पानाखाली. एका गिऱ्हाइकाने ती मागितली. "ती द्यायची नाही," चेल्लम्मा म्हणाली.

मग मला हळूच म्हणाली, "रायरे, तुम्ही बाबांना नाही म्हणालात तेव्हा मी तुम्हाला फार शिव्या दिल्या होत्या. पण त्या वीस दिवसांत माझ्याकडेही एक जण येऊन गेली. शेजारची पाक्यम. तिचा मुलगा तापाने झुरला होता, अंगात काही जावं म्हणून एक मासा मागत होती. डोहात बिनपिल्लांची मरळ उरलीच नव्हती. मी नाही म्हटलं. माझं पोर मांडीवर होतं, आणि मी तिला नाही म्हटलं."

"मुलगा कसा आहे?"

"बरा आहे, उठला. पण तेव्हा मला कुठे ठाऊक होतं तो उठेल म्हणून? त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं."

मी तिथेच उभा राहिलो, त्या वासात. दुपार होत आली तशी एक बारकी बाई डोक्यावर रिकामी टोपली घेऊन समोरून चालली होती. चेल्लम्मा उठली, मडक्यातली मरळ दोन्ही हातांनी उचलली आणि तिच्या टोपलीत ठेवली, वरून ओलं पान झाकलं. पाक्यमने टोपली कमरेवर घेऊन आत पाहिलं. ती नको म्हणाली नाही, बरं म्हणाली नाही. मागे झोळीतलं पोर कुरकुरायला लागलं. झोळीची एक गाठ सैल होऊन ती एका अंगाला कलली होती. पाक्यमने टोपली खाली ठेवली, पुढे झाली, गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली, झोळीला एक झोका दिला, आणि टोपली उचलून चालू लागली.